गाडी कुठवर आली?

जालन्यात जुनी गाडी मेली की तिची सळई होते. इथली एमआयडीसी भंगारावर जगते. देशभरातलं आणि परदेशातलंही मोडकं लोखंड ट्रकांनी येतं, इंडक्शन भट्टीत दीड हजार अंशांच्या वर वितळतं, रोलिंग मिलमधून टीएमटी सळई होऊन बाहेर पडतं आणि कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जाऊन कायमचं विसावतं. ज्या फियाटीतून तुमच्या आजोबांची वरात निघाली, ती आज एखाद्या पतसंस्थेचा तिसरा मजला उचलून उभी असेल. बियाणं, मोसंबी आणि सळई ही या जिल्ह्याची ओळख. (‘महिको’ ही बियाण्यांची कंपनी बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ साली इथंच काढली.) म्हणजे काहीतरी पेरायचं, पिळायचं किंवा वितळवायचं, मग पैसा बघायचा, असा इथला रिवाज.

अशा जिल्ह्यात भट्टीच्या वाटेवरचं लोखंड मध्येच उतरवून घ्यायचं आणि त्याची पुन्हा गाडी करायची, या उद्योगाला शहाणी माणसं खूळ म्हणतात. आमचे दाजी प्रोजेक्ट म्हणतात.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बदनापूर तालुक्यात घर, वडिलार्जित मोसंबीची बाग, आयटीआयचं फिटर ट्रेडचं सर्टिफिकेट आणि समोर येईल ती वस्तू उघडून बघायची सवय, एवढी त्यांची मिळकत. लग्नात आम्ही दिलेला मिक्सर त्यांनी सत्यनारायणाच्या आधी उघडला होता. तो नंतर चाललाही. फक्त चटणी वाटताना झाकणाबरोबर ओटाही धरावा लागायचा.

इंग्रजी सिनेमातला माणूस गाडी बनवायची म्हटलं की घराला लागून असलेल्या गॅरेजचं शटर वर करतो. आत भिंतीवर पाने मापाप्रमाणे टांगलेले, खाली फरशी, कोपऱ्यात फ्रिज. आमच्या भागात घराला लागून काही असेल तर तो गोठा असतो. बैलजोडी विकून भाड्याचा ट्रॅक्टर सांगायची पद्धत पडल्यापासून निम्म्या गावाचे गोठे रिकामे झालेत. कुणी तिथं खताची पोती ठेवतं, कुणी पोराला मोबाइल रिपेअरिंग टाकून देतं. दाजींनी चेसिस ठेवली. एक गाय उरली होती, तिला शेवग्याखाली हलवलं. ती बरेच दिवस वेल्डिंगच्या ठिणग्यांकडे मान वळवून बघायची आणि दूध कमी द्यायची. त्या कमी झालेल्या दुधाचे पैसे ताईने गाडीच्या खर्चात धरले आहेत. दाजींच्या वहीत ते नाहीत.

गोठ्याची जमीन शेणाने सारवलेली. हातातून निसटलेला वायसर तिथं जो नाहीसा व्हायचा, तो पुढच्या सारवणालाच ताईच्या हाताला लागायचा. त्यासाठी तिने खिडकीत एक वाटी ठेवली आहे. कधीकधी दाजी जालन्याहून नवे वायसर आणायचे आणि त्याच संध्याकाळी वाटी भरलेली निघायची.

हेन्री फोर्डने आपली पहिली गाडी डेट्रॉइटमध्ये घरामागच्या शेडमध्येच केली. ४ जून १८९६ च्या पहाटे ती तयार झाली आणि मग लक्षात आलं, की दारातून ती बाहेरच निघत नाही. शेवटी कुऱ्हाड घेऊन विटांची भिंत फोडावी लागली. ही गोष्ट मी दाजींना सांगितली तेव्हा ते गंभीर झाले आणि टेप घेऊन उठले. गोठ्यापाशी गेल्यावर आठवलं, की त्याची पुढची बाजू मोकळीच आहे. “भिंतच नाही तर फोडायची काय?” असं म्हणून ते जरा हिरमुसलेच.

भंगार बाजाराचंही एक शास्त्र आहे. तीच वस्तू किलोवर घेतली तर भंगार, नगावर घेतली तर स्पेअर पार्ट, आणि दोन्ही भावांत जमीन-अस्मानाचा फरक. त्यामुळे गिऱ्हाइकाने डोळ्यांत आशा दिसू द्यायची नसते. दाजी दुकानात शिरतानाच सुतकी चेहरा करतात. एखादा फुटका रेडिएटर पायाने उलथापालथा करायचा, त्याच्या जन्मदात्या कंपनीला नावं ठेवायची, जायला निघायचं, आणि चप्पल घालताना सहज विचारल्यासारखं करायचं, “ते कोपऱ्यातलं कसं किलो?” भंगारवाल्याने उभा जन्म असल्या ‘सहज’वर काढलेला असतो. तो पावती पुस्तकातून मान वर न करता म्हणतो, “वो किलो में नै है दाजी. वो चालू है.”

ते कोपऱ्यातलं म्हणजे मारुती ओम्नीचं इंजिन. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, शाळेची पोरं कोंबून वर्षानुवर्षं वाहिलेलं. घरगुती गाडीवाल्यांचा यावर फार जीव, आणि त्याला कारण आहे. मारुती ८०० मध्ये हेच इंजिन आडवं बसवलेलं आणि पुढची चाकं फिरवणारं. जिपेसारखी गाडी करायची तर त्याची अडचणच जास्त. ओम्नीत ते सीटखाली उभं बसतं आणि शाफ्टने मागचा एक्सल फिरवतं. आपल्याला फक्त त्याला नवं अंगण द्यायचं. दाजींनी दिलं. मागचं हाउसिंग जुन्या जिपेचं, स्टिअरिंग टेम्पोचं, सीट लिलावात निघालेल्या एसटीचं, आणि पुढचे हब कशाचे ते हबलाच ठाऊक.

काम सुरू झालं आणि गावाला एक प्रश्न मिळाला. दूध घालायला जाणारा, सोसायटीतून येणारा, अंत्यविधीहून परतणारासुद्धा गोठ्यापुढे थांबून विचारायचा, “काय दाजी, गाडी कुठवर आली?” गाडी तसूभर हललेली नसायची. दाजी तितक्याच मोकळेपणाने सांगायचे, “मागच्या चाकापर्यंत.”

सल्लागारांत पहिला मान निवृत्त एसटी ड्रायव्हर मामांचा. मामा खुर्ची घरून आणतात. त्यांच्या मते जगात दोनच गाड्या झाल्या, लेलँड आणि टाटा, बाकीची खेळणी. दाजींचा पुतण्या शेंद्र्याला कार कंपनीत लाइनवर आहे. तो सुट्टीच्या दिवशी इस्त्रीच्या कपड्यात येतो आणि सांगतो, “काका, आमच्याकडे हे वेल्डिंग रोबो मारतो.” दाजी काच खाली करत म्हणतात, “पाठव मग त्याला. जेवून जाईल म्हणावं.” जालन्याचे लेथवाले उस्ताद मात्र बोलत नाहीत. पान्ह्याला पाइप अडकवून आवळलेला, आटे गेलेला बोल्ट त्यांच्यापुढे ठेवला की ते तो नखाने चाचपतात, चष्मा कपाळावर घेतात आणि विचारतात, “ये किसने मारा?” तो कुणी मारला हे आजवर कुणीही कबूल केलेलं नाही.

पोळा आला तेव्हा गाडीला चार चाकं, इंजिन आणि स्टिअरिंग होतं; पत्रा नव्हता. दाजींच्या आई, ज्यांना सगळं गाव माय म्हणतं, आदल्या संध्याकाळी वाटीत हळद-तूप घेऊन खांदेमळणीला सवयीने गोठ्यात गेल्या. बैल विकल्याचं त्यांना चांगलं ठाऊक होतं. तरी गोठ्यात जे उभं आहे त्याला उपाशी ठेवायचं नाही, एवढा त्यांचा हिशोब पक्का होता. चेसिसच्या पुढच्या दोन्ही टोकांना हळद-तूप लागलं, आवतन दिलं गेलं. दुसऱ्या दिवशी पोरांनी हेडलाइटला बेगड चिकटवली, स्टिअरिंगला घुंगरमाळ बांधली, कुणीतरी रेडिएटरवर गेरूचे ठिपके काढले. मायनी पुरणपोळीचा नैवेद्य बॅटरीपुढे ठेवला. दाजी लाजले, पण पोळी कुणाला खाऊ दिली नाही. नंतर ती गाईला गेली. गाईच्या आणि गाडीच्या संबंधांत त्यानंतर थोडी सुधारणा झाली.

पुढे एका रविवारी इंजिन सुरू झालं. हा दिवस गावाला अजून आठवतो, कारण त्या दिवशी गाडी हललीही. दाजी एसटीच्या सीटवर बसले, मामांनी दोन बोटं उचलून कंडक्टरची घंटी मारल्यासारखं केलं, पहिला गिअर पडला, क्लच सुटला, आणि गाडी मागे गेली. दाजींना वाटलं गिअर चुकला. दुसरा टाकला. गाडी आणखी वेगाने मागे गेली. मागे कडब्याची गंजी होती म्हणून बरं. रिव्हर्स टाकला तेव्हा ती गंजीतून निघून झोकात पुढे आली.

झालं होतं असं: जिपेच्या हाउसिंगवर पाटे बसवायच्या गाद्या ज्या बाजूला होत्या ती दाजींना सोयीची नव्हती. गाडीला उंचीही हवी होती. गाद्या कापून पुन्हा वेल्डिंग करण्यापेक्षा त्यांनी अख्खं हाउसिंगच उलटं फिरवून बसवलं. त्यामुळे आतला क्राऊन पिनियनच्या दुसऱ्या अंगाला गेला, आणि तसं झालं की चाकं उलटी फिरतात. पुढे जायला एक गिअर, मागे जायला चार. पुतण्या म्हणाला, असं मॉडेल अजून कुणी काढलेलं नाही. मामांनी थंड डोक्याने उपाय सांगितला: “हाउसिंग कशाला काढता? सीट फिरवून घ्या.” या सूचनेवर दाजींनी दोन दिवस विचार केला, हे मला ताईने खासगीत सांगितलं आहे.

मला वाटतं, घरगुती गाडीला खरा धोका तिच्या पूर्ण होण्यात असतो. अर्धवट असेतोवर ती साऱ्या गावाची. तिला कायदा लागत नाही, टॅक्स लागत नाही, तिचं ॲव्हरेज कुणी विचारत नाही, तिला घेऊन राजूरच्या गणपतीला कुणाला सोडायला जावं लागत नाही. मालकाला रोज संध्याकाळी जायला एक जागा असते. चार माणसं बसतात, चहा होतो. गाडी पूर्ण झाली की हे सगळं संपतं आणि दुसऱ्या भानगडी सुरू होतात.

सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून एक चिमुकली जीप पूर्ण केली. खर्च साठ हजारांच्या आसपास, स्टिअरिंग डावीकडे, आणि सुरू करायची ती मोटारसायकलीला मारतात तशी किक मारून. २०२१ च्या डिसेंबरात तिचा व्हिडिओ आनंद महिंद्रांनी पाहिला. त्यांनी तोंडभरून कौतुक केलं, ती नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या अडवली जाईल हेही सांगितलं, आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. २०२२ च्या जानेवारीत लोहारांना बोलेरो मिळाली. जीप कंपनीकडे गेली.

या एका घटनेने महाराष्ट्रातल्या रिकाम्या गोठ्यांचं अर्थकारण पालटलं. तोवर गाडीचा उल्लेख ‘तो सांगाडा’ असा करणाऱ्या ताईने त्या रात्री जेवताना विचारलं, “ते पांढरीच देतात, का रंग आपण सांगायचा?” गोठ्यापुढे रीतसर बैठक बसली. मामांचं म्हणणं पडलं, की व्हिडिओत किक दिसायला हवी. सेल्फ स्टार्टरची गाडी बघून कुणाला पाझर फुटणार? दाजींच्या गाडीला सेल्फ होता, तोही बटण दाबताच घेणारा. तो काढून टाकावा असा प्रस्ताव आला. एकाने सुचवलं, ठेवा, पण चार पोरं धक्का मारताहेत असं दाखवा. माय म्हणाल्या, “देणाऱ्याला काय, तो देतोच. आधी ती सरळ तर चालवा.” हाउसिंग तेव्हा उलटंच होतं.

सरकारी कागद वाचता येतो म्हणून कायदा बघायचं काम माझ्याकडे आलं. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याखालच्या केंद्रीय नियमांतला १२६ वा नियम सांगतो, की वाहनाचा नमुना आधी मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून, पास करून घ्यायचा. संस्था लांब नाहीत. पुण्यात टेकडीवर एआरएआय, अहिल्यानगरला व्हीआरडीई. पण या नियमाच्या डोळ्यांपुढे आहे तो लाखाने गाड्या काढणारा कारखाना. ब्रेक, धूर, दिवे, आरसे, सीटबेल्ट, एकेकाची वेगळी परीक्षा. कारखाना तो खर्च लाख गाड्यांवर पसरतो. दाजींनी तो एका गाडीवर पसरून बघितला. बाग पुरत नव्हती. धडक चाचणीत गाडी आपटून बघतात असं मी सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं, “आपल्यापाशी एकच आहे. ती आपटल्यावर पास कोणती करायची?” याचं उत्तर नियमात मला सापडलं नाही.

दुसरी वाट बरेचजण धरतात. एखाद्या जुन्या गाडीचं आरसी बुक घ्यायचं आणि त्याच्या आधाराने वरचं सगळं नवं उभं करायचं. ती वाट कलम ५२ अडवतं. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही स्पष्ट केलं, की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी फारकत घेणारा बदल चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला शिक्षा लावली: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये, किंवा दोन्ही. दाजी वही घेऊन बदल मोजायला बसले. ओम्नीच्या बाजूने मोजलं तर जीप हाच बदल. जिपेच्या बाजूने मोजलं तर इंजिन हा बदल. एसटीच्या सीटच्या बाजूने बघितलं तर तिच्या भोवतीचं सगळंच नवीन. रक्कम गाडीच्या खर्चाच्या पुढे गेली तेव्हा त्यांनी वही मिटली आणि मुद्दा काढला, की मूळ गाडीच नसेल तर बदल कशात केला? जालन्यातल्या एका वकिलांना हा मुद्दा फार आवडला. आरटीओत जाऊन तो मांडायला मात्र त्यांना वेळ नव्हता.

मला नियम चुकीचा वाटत नाही. समृद्धी महामार्गावर शंभराच्या वेगाने जाताना शेजारून उलट्या हाउसिंगची गाडी धावावी, अशी माझीही इच्छा नाही. पण एका माणसाने केलेल्या एका गाडीसाठी वेगळी खिडकी असायला काय हरकत आहे? ब्रिटनमध्ये अशी सोय आहे. घरी जोडलेली गाडी केंद्रावर न्यायची, तिथला माणूस ती एकटी गाडी तपासतो, ठीक वाटली तर रस्त्यावर सोडतो. त्या लोकांना ही हौस जुनी. १९५७ साली लोटस कंपनीने ‘सेव्हन’ नावाची गाडी सुट्या भागांत विकायला काढली, कारण सुटी घेतली तर खरेदीवरचा कर वाचायचा. असं सांगतात, की जोडायच्या सूचना सोबत दिल्या तर ती सवलत जायची; म्हणून कंपनीने गाडी उघडायच्या सूचना दिल्या आणि त्या शेवटाकडून वाचायची मुभा गिऱ्हाइकाला ठेवली. आमच्याकडचे सगळे मेस्त्री याच पद्धतीने शिकलेत, फक्त सूचना न वाचता.

गंमत अशी, की याच महाराष्ट्रात घरी केलेल्या विमानाला नंबर मिळालेला आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ मध्ये ते मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडलं गेलं आणि कागदांशी बरीच वर्षं झुंज दिल्यावर २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली: व्हीटी-एनएमडी. ही अक्षरं नरेंद्र मोदी आणि देवेंद्र फडणवीस यांच्या नावांवरून घेतली, असं तेव्हा पेपरात छापून आलं होतं. दाजींनी ही बातमी लक्ष देऊन ऐकली. “म्हणजे उडवली तर चालते,” ते म्हणाले, “नुसती बदनापूरला नेली तर नाही.” एमएच २१ च्या पुढे कुणाची आद्याक्षरं टाकली तर काम होईल यावर मग गोठ्यात दोन गट पडले. निवडणूक जवळ होती, त्यामुळे निर्णय राखून ठेवला.

इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्ण्यांची गोष्ट मी त्यांना मुद्दामच उशिरा सांगितली. शाळा फार न शिकलेला हा माणूस. १९४९ मध्ये त्यांनी छोटी दोन आसनी गाडी उभी केली, नाव ‘मीरा’. मागे बसवलेलं इंजिन, रबराचं सस्पेन्शन. पुढची पंचवीसेक वर्षं ते तिच्या सुधारित आवृत्त्या काढत राहिले. १९७० च्या दशकात बारा हजार रुपयांत सामान्य माणसाला गाडी देण्याची त्यांची तयारी होती. कारखाना काही निघाला नाही. मीरा कागदांत अडकली. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि सामान्य माणसाची गाडी म्हणजे काय, ते ठरून गेलं. मीरेचा विषय निघाला की मी मेकॅनिक नसूनही मला राग येतो. दाजींना आला नाही. त्यांनी ओम्नीच्या इंजिनावर हात ठेवला आणि म्हणाले, “बघा, शेवटी हीच आली ना गोठ्यात.”

इथवर सगळं हसण्यावारी नेता येतं. पण ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत घरी हेलिकॉप्टर बनवणारा चोवीस वर्षांचा वेल्डर पोरगा चाचणी घेताना पंखा तुटून गेला. ती बातमी ताईने मोबाइलवर दोनदा वाचली. त्या दिवशी गोठ्यात चहा आला नाही. दुसऱ्या दिवशी ताई स्वतः आली आणि उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, “ब्रेक लागल्याशिवाय आता ही चालू करायची नाही. आणि लागतो का ते मी बघणार.”

तोवर दाजींच्या गाडीचा ब्रेक म्हणजे टायरखाली दगड सरकवणारा शेजाऱ्यांचा पोरगा होता. आता खरे ब्रेक बसले, आणि मग त्यातली हवा काढायचा प्रसंग आला. ज्यांनी तो संसारात अनुभवलेला नाही त्यांना सांगतो. ब्रेकच्या नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पेडल नुसतं दबतं, ब्रेक लागत नाही. तो काढायला दोन माणसं लागतात. एकाने वर बसून पेडल मारायचं आणि दाबून धरायचं. दुसऱ्याने चाकाजवळ आडवं पडून बारीक निपल सैल करायचं, की नळीतून तेलाबरोबर फसफसत हवा निघते. निपल बंद होईपर्यंत पेडल सोडायचं नाही. सोडलं तर निघाली तेवढी हवा परत आत.

एसटीच्या सीटवर ताई, खाली गोणपाटावर दाजी, बाजूला कोल्ड्रिंकच्या बाटलीत नळी. खालून आवाज: “मार. मार. मार. धर!” ताई धरायची. “धरलं का?” “धरलं.” “सोडू नको.” “नाही सोडत.” “सोड.” “आता म्हणालात सोडू नको!” “ते आधीचं होतं. हे आत्ताचं.” ताईने तोवर सोडलेलं असायचं नाही, किंवा सोडून पुन्हा धरलेलं असायचं, आणि बाटलीत बुडबुडे उलटे चढायचे. मध्येच माय ओसरीवरून विचारायच्या, “दूध उतू चाललंय, बंद करू का?” दोघंही एकदम ओरडायचे, “नको!” आणि दूध उतू जायचं. मागचं उजवं चाक झालं तेव्हा दोघांचं बोलणं बंद झालं होतं. पण हवा काढायला बोलणं भाग होतं, त्यामुळे डाव्या चाकापर्यंत ते पुन्हा सुरू झालं. संध्याकाळी पेडल दगडासारखं कडक लागलं. ताईने पायातली चप्पल काढून अनवाणी पायाने ते दोनदा दाबून पाहिलं आणि खाली उतरली. तेव्हापासून गाडी सुरू करण्याआधी पेडल तीच दाबते. मामाही तिच्या परवानगीशिवाय सीटवर बसत नाहीत.

हाउसिंगही शेवटी उस्तादांनी खाली घेऊन सरळ केलं, गाद्या कापून नव्या वेल्ड केल्या. आता गाडी बागेत फिरते, बांधाच्या बाहेर जात नाही. मोसंबीचे क्रेट आणते. गेल्या तोडीला व्यापाऱ्याने तिच्याकडे बोट करून कंपनी कोणती म्हणून विचारलं, आणि दाजींच्या डोक्यात नवं आलं. खऱ्या गाडीला बॉनेटखाली रिव्हेट मारलेली पट्टी असते, तिच्यावर कंपनी, मॉडेल, चेसिस नंबर, उत्पादनाचं वर्ष. आपल्याही गाडीला ती पाहिजे.

म्हणून आम्ही नव्या जालन्यात एका पंचिंगवाल्याकडे गेलो. त्याने ॲल्युमिनियमचा तुकडा कापून ठोकळ्यावर ठेवला आणि विचारलं, “कंपनीचं नाव?” दाजींनी ताईचं नाव सांगितलं. तिची पोत मध्यंतरी कुठं ठेवलेली होती हे आम्हा दोघांना ठाऊक असल्याने यावर चर्चा झाली नाही. “चेसिस नंबर?” दाजींनी स्वतःचा मोबाइल नंबर दिला, हरवली तर फोन करतील.

“वर्ष?”

इथं जरा अडलं. इंजिनाचं वर्ष वेगळं, हाउसिंगचं वेगळं, सीट तर महामंडळाची. शिवाय पत्रा अजून अर्धाच लागलेला, वायरिंग उघडं, रंग व्हायचा बाकी. पंचिंगवाला हातोडी उचलून थांबला होता, मागे दोन नंबर प्लेटवाले खोळंबले होते.

“वीस टाका,” दाजी म्हणाले. “पुढचे दोन आकडे मागाहून सांगतो.”